भगवतीनं सांडलेलं तीर्थ

वादळाच्या वर्षी, म्हणजे एकोणीसशे साठ साली, गणपती गेले त्याच्या दुसऱ्याच दिवशी आपल्या बेटावरच्या सुरिनाम गावभर बातमी झाली की भगवती बाटली. क्रिस्ताव झाली. नुसती झाली नाही, पाद्र्यानं तिचं नावसुद्धा बदललं आणि नवं नाव मारी-तेरेज ठेवलं, इथपर्यंत बातमी दुपारच्या जेवणाआधी पोचली होती. बातमीची जन्मदात्री विद्यावती. तिचं घर भगवतीच्या कुंपणाला लागून, आणि कुंपण बांबूचं, त्यामुळे नजरेला आडकाठी अशी काही नाही. विद्यावतीनं दोन गोष्टी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिल्या होत्या. शनिवारी नदीवर भगवतीनं गणपतीचं तीर्थ लोट्यासकट दगडांवर उडवलं. आणि रविवारी सकाळी ती चर्चच्या मागच्या दारात उभी होती. या दोहोंची मोट बांधायला विद्यावतीला किती वेळ लागणार? तिनं याहून कमी सामानात मोठमोठी लग्नं मोडलेली आहेत.

आता खरं काय ते सांगायला हवं. चर्चच्या मागच्या दारात भगवती गेली आठ वर्षं दर रविवारी उभी राहत होती, कारण पाद्र्याच्या स्वयंपाक्याला ती भाजी पोचवायची. त्या रविवारी ती गेली होती ते फक्त सांगायला, की तीन आठवडे थांबलेली भाजी यापुढेही येणार नाही. बाटलीबिटली काही नव्हती. पण तीर्थ? तीर्थ मात्र तिनं सांडलं होतं. त्यात विद्यावतीनं पदरचा मीठमसाला घातला नव्हता. उलट जे सगळ्यांत महत्त्वाचं, तेवढंच तिच्या कानावर पडलं नव्हतं.

भगवती तेव्हा पन्नाशीला टेकलेली. बुटकी, काटक, बोलण्यात आखडती. तिच्या पायांचे तळवे बारा महिने पांढरेफटक आणि सुरकुतलेले, कारण अर्धा दिवस ती पाण्यात उभी असायची. तिचा धंदा क्रेसोंचा. वाहत्या गार पाण्यात वाढणारी, बारीक गोल पानांची, जिभेला जराशी झोंबणारी ही भाजी आपल्याकडे कोण खात नाही? कुणी तिचा पातळ रस्सा करतं, कुणी मिरची-व्हिनेगर लावून कच्चीच खातं. भगवतीचा नवरा हरिप्रसाद साखरगिरणीत बॉयलरवर होता. बावन्न साली तो गेला. जाताना त्यानं तिला दोन गोष्टी ठेवल्या. एक, नदीतून दगड लावून काढलेला पाट आणि त्यातले सोळा वाफे. दुसरी, गिरणीच्या सगळ्या खोडींची ओळख.

कारण गिरणी दोन मैल वर होती, आणि गिरणीच्या पोटात जे काही व्हायचं ते शेवटी नदीत यायचं. ऊसतोडणी चालू असली की गरम पाणी यायचं, मळीचं गोडसर पाणी यायचं. ते पाणी साचलं की काळं पडून आंबायचं आणि तळाची वाम माशाची पिल्लं तोंड वर काढून धापा टाकायची. शनिवारी दुपारी गिरणी थांबायची आणि आतल्या रस आटवायच्या टाक्या सोड्यानं धुतल्या जायच्या. ते धुवण नदीत आलं की पाणी बोटांना बुळबुळीत लागायचं आणि भाजीची मुळं जळायची. म्हणून भगवती शनिवारी कान लावून बसायची. इतर गाव गिरणीचा आवाज ऐकायचं, ही तिची शांतता ऐकायची. घरघर थांबली रे थांबली, की ही पाटाच्या तोंडावर फळी ठोकायची ती सोमवारी काढायची.

आणि रोज पहाटे एक काम. पाटाच्या तोंडाशी गुडघे टेकायचे, ओंजळभर पाणी तोंडात घ्यायचं, गालातून गालात फिरवायचं आणि थुंकायचं. हरिप्रसादनं शिकवलेलं. पावसानंतर माती लागते, मळी आली तर गोडूस, सोडा आला तर साबण. यावरूनही गावानं पूर्वी एक बातमी उठवली होती की बाई पहाटे चूळ भरते ती रमची. तेव्हा भगवती एवढंच म्हणाली होती, "रम असती तर थुंकली असती काय?"

तर अशी तिची जीभ. त्या जिभेवर तिचा भारी भरवसा. एका वर्षी मळ्यातल्या फवारणीवाल्यांनी तणाच्या औषधाची पिंपं नदीत खळबळली, तेव्हा पहिल्या घोटालाच हिनं फळी ठोकली होती आणि खालच्या वळणावरच्या लोकांचे टारोचे, म्हणजे अळकुडीचे, कंद करपून गेले तरी हिचा वाफा हिरवा राहिला होता. त्याच्याही आधी, हिवतापवाले सरकारी लोक घरोघर पांढरं औषध मारत आले आणि डबक्यांत तेल ओतून गेले. नदीतले बेडूक गप्प झाले, हे गावात फक्त भगवतीला कळलं. पण त्याबद्दल ती कधी चकार शब्द बोलली नाही. तिची थोरली मुलगी हिवतापानंच गेली होती, आणि त्या औषधानंतर गावात तसा ताप पुन्हा आला नाही. बेडूक गेले तर गेले, असं तिनं मनाशी ठरवून टाकलं.

मग साठ साल उजाडलं आणि फेब्रुवारीत वादळ आलं.

ते वादळ इथं कुणाला सांगायला नको. पत्रे पतंगासारखे उडाले, गवताची घरं तर दुसऱ्या दिवशी कुठं होती हेही सांगता येईना. ज्यांचं सगळंच गेलं, त्यांच्यासाठी नदीच्या वरच्या अंगाला, गावापासून अर्ध्या मैलावर, झोपड्या उभ्या राहिल्या. पत्र्याच्या, गोणपाटाच्या, चाळीस झोपड्या. तात्पुरत्या. आणि चाळीस झोपड्यांना शौचाचे चाळीस खड्डे, त्यांवर गोणपाटाचे आडोसे. तेही तात्पुरते. जमीन वरच्या बाजूला खडकाळ, म्हणून खड्डे खणले ते मऊ जमिनीत, म्हणजे थेट काठावर.

भगवती रोज चूळ भरत होती आणि जीभ रोज सांगत होती, पाणी चांगलं आहे.

जून गेला, तोडणी सुरू झाली, आणि भगवतीच्या वाफ्यांत असा क्रेसों आला की तिनं जन्मात पाहिला नव्हता. पानं बोटाच्या पेराएवढी असायची ती रुपयाएवढी झाली. रंग काळपट हिरवा. आज कापलं की चार दिवसांत पुन्हा वाफा भरलेला. वादळात सगळ्यांचं काही ना काही गेलेलं, आणि हिला मात्र नदी भरभरून देत होती. गावाला ते खुपलं नाही असं कोण म्हणेल? पण भाजी सगळ्यांनी घेतली.

सगळ्यांत जास्त घ्यायची चंद्रिका. देवराज शिंप्याची बायको, चोवीस वर्षांची, हसरी, तोंडानं अखंड चालू. दर मंगळवारी पाटाशी यायची, जुडी घ्यायची, पाण्यात एकदा हिसळायची आणि तिथंच उभी राहून पानं तोडून खायची, शेंगदाणे खावेत तशी.

"काकी, यंदा काय घालतेस गं वाफ्यात? पानं बघ की!"

"काय घालणार? हात लागतो माझा," भगवती म्हणायची.

म्हणताना तिला बरं वाटायचं. बाई आखडती असली तरी माणूसच होती.

जुलैच्या मध्यावर झोपड्यांत ताप सुरू झाला. साधा ताप, लोक म्हणाले, आपल्या बेटावर जुलै-ऑगस्ट थंडीचेच दिवस. मग चंद्रिकाला आला. सकाळी कमी, संध्याकाळी जास्त, रोज एक पायरी वर चढणारा. दुसऱ्या आठवड्यात ती बरळायला लागली. ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात गेली.

तिच्या मातीहून परतताना दवाखान्यातला ड्रेसर हरिलाल भगवतीच्या बाजूनं चालू लागला. हा हरिलाल एरवी मोठा ऐटबाज. गावच्या बायकांशीही फ्रेंचमध्ये बोलायचा आणि त्यांना कळलं नाही म्हणून खूश व्हायचा. त्या दिवशी मात्र तो साध्या मराठीत बोलला.

"भगवतीबाय, रागावू नको. चंद्रिका तुझी भाजी कच्ची खायची काय?"

"खायची. का?"

"झोपड्यांत जो ताप हाय ना, तो तिफोईद, मुदतीचा ताप. हिला पण तोच. मी म्हटलं ही तर झोपड्यांत जात नव्हती, मग हिला लागला कुठनं?"

"माझं पाणी चांगलं हाय," भगवती थांबून म्हणाली. "रोज तोंडात घेते मी."

"हे तोंडात कळायचं नाय. सोडा जिभेला कळतो. मळीचं पाणी सडलं तर नाकाला कळतं. तणाचं औषध पानाला कळतं, पान करपतं. पण माणसाच्या पोटातनं पाण्यात गेलेलं हे, याला ना चव, ना रंग, ना वास. पेल्यात धरलंस तर ऊन आरपार जाईल." हरिलाल जरा घुटमळला. "आणि झाडाला तर ते खतच की. झाड मस्त वाढतं."

भगवतीनं विचारलं, "मग मला का नाय लागला?"

"लहानपणी तुला मोठा ताप येऊन केस गळले होते, असं तूच सांगतेस ना सगळ्यांना? तो हाच असणार. एकदा लागला की सहसा परत लागत नाय. शिवाय तू थुंकतेस."

हात लागतो माझा. घरापर्यंत भगवतीच्या डोक्यात हे तीन शब्द घण घातल्यासारखे वाजत राहिले.

दुसऱ्या दिवशी ती पाटात उतरली आणि तिनं क्रेसों मुळासकट उपटायला सुरुवात केली. सोळाच्या सोळा वाफे. दोन दिवस लागले. बकऱ्यांनाही घातला नाही, खड्डा करून पुरला. विद्यावती कुंपणाशी येऊन उभी.

"आयो! काकी, डोकं फिरलं काय? एवढी भाजी!"

भगवतीनं तोंड वर केलं. ओठांवर आलेलं तिनं गिळलं आणि म्हणाली, "कीड लागली."

हे एक खोटं. आयुष्यात फारसं खोटं न बोललेली बाई ती. पण कसं सांगायचं की चंद्रिकाला माझ्या हातानं मी जुडी बांधून दिली? गावाला कळलं तर देवराजला कळणार. देवराज घरात शिलाई यंत्रापुढे बसून होता, आणि यंत्र चालत नव्हतं.

हरिलालनं वर कचेरीत पत्र लिहिलं. उत्तर आलं की सदर झोपड्या तात्पुरत्या आहेत.

गणपतीच्या चार दिवस आधी भगवतीची धाकटी लेक बसंती बो बासें शहरातून आली. तिचा नवरा तिथं सरकारी कचेरीत कारकून. बसंतीला सातवा महिना. याआधी दोनदा दिवस राहून दोन्ही वेळा गेलेले, म्हणून ही बाळंतपणाला आईकडे आलेली, आणि आली ती मनाशी एक गोष्ट पक्की करून.

"आये, विसर्जनाचं पहिलं तीर्थ मला मिळणार ना?"

आपल्या सुरिनामात ही रीत जुनी. दीड दिवसाचा गणपती नदीत सोडला, की मंडळीतला मोठा माणूस, मूर्ती विरघळते त्याच जागचं पाणी लोट्यात भरतो आणि काठावर सगळ्यांना पळी-पळी देतो. पहिली पळी पोटुशी असेल तिची. असं तीर्थ घेतलेलीचं मूल राहतं, ही म्हाताऱ्यांची श्रद्धा. खुद्द बसंती पोटात होती तेव्हा भगवतीनंही ती पळी घेतली होती.

"यंदा नको," भगवती म्हणाली.

"का नको? दोनदा मी तिकडं शहरात राहिले, तीर्थ नाय घेतलं, आणि काय झालं तुला ठाव हाय. यंदा घेतल्याबिगर मी ऱ्हायची नाय."

भगवतीनं पदर खोचला आणि बलरामदादाचं घर गाठलं.

बलराम म्हणजे मंडळीचा प्रमुख. मळ्यावरचा निवृत्त सिरदार, म्हणजे मुकादम. मिशा अशा की बोलताना आधी त्या हलायच्या, मग शब्द बाहेर यायचे. माजघरात तो स्वतः मातीचा गणपती लिंपत बसला होता, आणि शेजारी तांब्याचा लोटा घासूनपुसून ठेवलेला. हा लोटा त्याच्या पणज्यानं रत्नागिरीहून जहाजातून आणलेला, आणि या लोट्याखेरीज दुसऱ्या कशानं तीर्थ द्यायचं असतं हे बलरामच्या घराण्यात कुणाच्या स्वप्नातही आलं नव्हतं.

"दादा, यंदा तीर्थ नदीचं नको. नळाचं पाणी घे, उकळून घे."

बलरामच्या मिशा हलल्या. "मग गणपती पण नळातच सोडू काय?"

"गणपती नदीत सोड. तीर्थ घरनं ने."

"उकळलेलं तीर्थ! मग चहाची पूड पण टाक त्यात. दूध घालशील?" बसलेली मंडळी हसली.

"वर झोपड्या हायत, दादा. खड्डे काठावर हायत. तिकडं ताप हाय."

"नदी वाहतीय ती, डबकं नाय. माझा आजा सांगायचा, पाणी शंभर पावलं वाहिलं की साफ."

"तुझ्या आज्याच्या वेळेला वर काय होतं? रान होतं."

"आणि तू तर गावाला सांगितलंस, कीड लागली." बलरामनं मातीचा हात पुसला. "मग आता पाण्याला काय झालं? कीड पाण्याला लागली काय?"

भगवतीनं तोंड उघडलं. सांगायची वेळ हीच होती. पण कोपऱ्यात, गणपतीच्या मखराला लाल कापड शिवत, मान खाली घालून देवराज बसला होता. त्यानं सुई थांबवली आणि ती काय म्हणते ते ऐकायला वर पाहिलं.

तोंड मिटून ती घरी परत आली. हे तिचं दुसरं खोटं, आणि हे तर न बोलताच.

शनिवारी विसर्जन. आकाश स्वच्छ, वारा गार, नदी थंडीतली, रोडावलेली. दुपारी बारा वाजता भगवती अंगणात तांदूळ निवडत होती आणि अचानक तिचा हात सुपातच राहिला. गिरणी थांबली होती. त्या दिवशी ढोलकीच्या आवाजात ते कुणालाच कळलं नसणार. तिला कळलं. एक वाजता टाक्या धुवायला घेतील. तीनपर्यंत धुवण इथं पोचेल. विसर्जन तीनचं होतं.

मिरवणूक निघाली. झाकरीवाले पुढं गोल धरून नाचत, मागं मूर्ती, मागं बायका. बसंती हिरव्या लुगड्यात, एक हात पोटावर, चेहऱ्यावर असं काही की भगवतीला तिच्याकडे बघवेना. हिरवळीवरून, उसाच्या कापलेल्या धसांतून, सगळे नदीवर पोचले. पाण्याच्या कडेला पांढरा फेस जमा होत होता. बोटभर. पोरांनी त्याला लाथा मारल्या.

बलराम मूर्ती घेऊन मांडीभर पाण्यात उतरला. त्यानं पाय एकदा झटकला, मग दुसरा. पिंढऱ्यांवरच्या जुन्या खरचटण्यांना झोंबत असणार. पण मोरयाचा गजर चालू होता आणि मंडळीचा प्रमुख पाय चोळत उभा राहत नाही. मूर्ती तीनदा बुडवून त्यानं सोडली. माती विरघळली, पाणी गढूळलं, आणि त्या गढूळात त्यानं लोटा बुडवून भरला. काठावर येऊन पळी हातात घेतली.

"कुठं हाय आपली बसंती?"

बसंती पुढं झाली. उजव्या तळहाताचा द्रोण केला. डोळे मिटले. पळी लोट्यातून वर आली, आणि भगवतीचा हात मधे आला. लोटा दगडावर आदळला, ठणठणत दोन कोलांट्या खाऊन थांबला. ढोलकी थांबली. खाली ढोलकी गप्प, वर गिरणी गप्प.

"आयो मामां!" विद्यावती म्हणाली. तेवढाच आवाज झाला.

"काय केलंस हे?" बलरामच्या मिशा हलल्या नाहीत, थरथरल्या. "देवाचं तीर्थ हाय ते!"

"तिला नको."

"मग कुणाला?"

"कुणालाच नको." भगवतीनं आजूबाजूला पाहिलं. देवराज दोन हातांवर उभा होता. ती त्याच्याकडे वळली आणि इतक्या हळू बोलली की पाठीमागच्या विद्यावतीलाही ऐकू गेलं नाही. त्या बाईच्या आयुष्यात असं क्वचितच घडलं असेल. "देवराज, भाजीला कीड नव्हती लागली. चंद्रिका माझ्या भाजीनं गेली. ह्या पाण्यानं. मी गप बसले."

देवराज तिच्याकडे बघत राहिला. त्याचा चेहरा रागाचाही नव्हता आणि रडण्याचाही नव्हता, शिवण उसवल्यावर कापड दिसतं तसा होता. मग तो वळला आणि उसातून घराकडे चालू लागला.

आणि तेव्हाच वरच्या वळणावरून मासे आले. पोटं वर केलेले, पांढरे, आधी दोन-चार, मग पसाभर, मग पाणीच दिसेना. नदीतली मोठी कोळंबी दगडांवर चढून बाहेर येऊ लागली, जणू पाण्याला आग लागलीय. बायका किंचाळल्या.

"देव कोपला! तीर्थ सांडलं म्हणून कोपला!"

"दादा, लवकर! लोटा भर! लवकर भर!"

बलराम धावत पाण्यात गेला. पोचे पडलेला लोटा त्यानं मेलेले मासे बाजूला सारून भरला, आणि लोकांनी हात पुढं केले. एरवी पळीभर घेणाऱ्यांनी त्या दिवशी ओंजळी धरल्या. देवाची समजूत काढायची म्हणून दोनदा घेतलं, म्हाताऱ्यांच्या तोंडात घातलं, घरी राहिलेल्यांसाठी तांब्यांत भरून नेलं. जरा बुळबुळीत लागलं, कुणी म्हणालं. राग उतरला की गोड लागेल, दुसऱ्यानं सांगितलं. सोड्यानं त्यांचं फार तर तोंड पोळलं असतं. जे पोळत नव्हतं ते त्याच घोटात होतं.

भगवतीनं बसंतीचं मनगट धरलं होतं. बसंती ओढत होती, रडत होती.

"सोड मला! माझं लेकरू तुला नको हाय काय? सगळे घेतायत, मलाच का नाय?"

भगवतीनं सोडलं नाही. उसाच्या धसांतून लेकीला जवळजवळ फरफटत तिनं घरी नेलं, आणि दार लावून दाराशी पाठ टेकून बसली. दुसऱ्या दिवशी ती चर्चच्या मागच्या दाराशी जाऊन आली, आणि बाकीचं तुम्ही ऐकलंच आहे. सोमवारी बसंती आईशी एक शब्द न बोलता बो बासेंला निघून गेली.

दोन आठवडे काही झालं नाही. गाव खूश होतं. देवानं माफ केलं, आणि भगवतीशी बोलायचं नाही, अशा दोन गोष्टी ठरल्या होत्या. पाटाजवळून कुणी जाईना. तिच्या दारात कुणी तरी मेणाचा क्रूस आणून ठेवला. कुणी ठेवला ते विद्यावतीला ठाऊक नाही म्हणे, म्हणजे तिनंच ठेवला असणार.

तिसऱ्या आठवड्यात विद्यावतीच्या सासऱ्याला ताप आला. सकाळी कमी, संध्याकाळी जास्त. मग झाकरीत ढोलकी वाजवणाऱ्याला. मग पलीकडच्या गल्लीत तीन घरांत. सप्टेंबर संपेपर्यंत अकरा घरांत अंथरुणं पडली, आणि त्यांतली तीन अंथरुणं रिकामी झाली. हरिलाल दारोदार गोळ्या वाटत फिरत होता आणि फ्रेंच पार विसरला होता. देवराजच्या घरात मात्र ताप आला नाही. तो संध्याकाळी भगवतीच्या अंगणात यायचा, लाकडं फोडून द्यायचा आणि जायचा. त्यानं तिला माफ केलं की नाही हे त्यानं सांगितलं नाही, तिनं विचारलं नाही.

लाकडं कशाला? भगवतीनं चुलीवर मोठं पातेलं चढवलं होतं. नळाचं पाणी आणायचं, खळखळ उकळायचं, केटल्यांत भरायचं, आणि आजाऱ्यांच्या दाराशी ठेवून यायचं. पहिल्या दिवशी दारं बंद झाली. दुसऱ्या दिवशी केटली आत गेली. विद्यावतीच्या सासऱ्याला तर तिनं कुंपणावरूनच केटली दिली, आणि विद्यावतीनं ती घेतली, आणि आयुष्यात पहिल्यांदा काही बोलली नाही.

सर्वांत जास्त दिवस पडला बलराम. चार आठवडे. मिशा खाली आल्या, गाल आत गेले, पण माणूस वाचला. ऑक्टोबरच्या शेवटी तो पडवीत खाटेवर उशाला टेकून बसू लागला. त्याच आठवड्यात बो बासेंहून जावयाचा निरोप आला होता की मुलगी झाली, रडते खणखणीत, दोघी ठीक आहेत. बसंतीनं स्वतः काही लिहिलं नव्हतं. भगवतीनं ते पत्र पदराला गाठ मारून ठेवलं होतं.

त्या सकाळी ती पाटावरून आली होती. चूळ भरायची सवय तिनं सोडली होती, पण पाय तिकडं जातातच. आणि पाटात, तिनं मुळासकट उपटलेल्या वाफ्यांत, क्रेसों परत आला होता. कुणी लावला नव्हता. सोळाच्या सोळा वाफे भरले होते, पानं रुपयाएवढी, रंग काळपट हिरवा. वर झोपड्या होत्या तशाच होत्या. उलट थोड्या वाढल्या होत्या, आणि गोणपाटाच्या जागी कुठं कुठं पत्रा आला होता, म्हणजे तात्पुरतं आता मुक्कामाला आलं होतं. तिनं एक पान तोडलं, बघितलं आणि टाकून दिलं.

बलरामच्या खाटेशेजारी तिनं केटली ठेवली. मागं फळीवर पोचे पडलेला तांब्याचा लोटा होता. दोघांनीही त्याच्याकडे पाहिलं नाही.

बलरामनं पेला दोन्ही हातांनी धरून पाणी प्यायलं. मग मिशा जराशा हलल्या, महिन्याभरात पहिल्यांदा.

"भगवतीबाय, एक विचारतो. खरं सांग. गावात काय काय बोलतात. तू देवाचं तीर्थ सांडलंस. तुझा गणपतीवर इश्वास उरला नाय काय?"

भगवतीनं रिकामा पेला त्याच्या हातातून घेतला, पुन्हा भरला, त्याच्या हातात दिला, आणि म्हणाली, "गणपतीवर माझा इश्वास हाय, दादा. वरच्या चाळीस संडासांवर नाय."